वरचं गोडं पाणी

हट्टा, बुधवार, वैशाख. संध्याकाळ.

लेकीच्या, सुजाताच्या सासरी समुद्राकाठी विहीर यंदा मचूळ झाली. काल मी सांगून टाकलं, आणखी खोदा. मोटरी बसवण्यात जन्म गेला, कुणाकडं शिकलो नाही. आपल्याकडं पाणी आटलं की खालीच जायचं असतं. जावयानं उद्या खोदणारे बोलावलेसुद्धा. आज दुपारी तिचा फोन आला. "बाबा, सासूबाई म्हणतात, खाली समुद्र हाय. दरसाल आत येऊन राहिला."

तेव्हापासून चैन नाही. खारं पाणी जड, मग गोडं त्याच्यावर तरंगत असेल का? काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी घेतलं, वर चमच्यावरून निळीचं गोडं पाणी सोडलं. निळं वरच राहिलं. नळीनं जोरात ओढलं की खालचं वर चढतं, हळू ओढलं की निळंच येतं. पुन्हा केलं, तेच.

सुजाताची आई म्हणाली, "या वयात शाळा भरवून राहिले काय? माझा चहाचा ग्लास हाय तो."

लगेच सुजाताला फोन लावला. "खोदणाऱ्यांना उद्या येऊ नका म्हणून सांग. मोटरचा पाईप वर उचल, थोडं थोडं ओढ."

"अन् चुकलं तर?"

"ग्लासात तर बराबर आलं." माझा आवाज थोडा पडलाच.

"मग तुमीच या अन् लावून द्या. माझं लेकरू बी अजून पाहिलं न्हाई तुमी."

खरंच नाही पाहिलं. लेकीच्या घरी कामावाचून काहून जायचं, म्हणून राहिलो. आता काम आहे.