आत्याबाईनं बांधलेलं हेलिकॉप्टर

राजस्थान, हवाई दलाची कँटीन

आदरणीय नीलाबाई आत्यास,

भाचा कुलदीपचा इथूनच पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मामाजी जाळं विणून राह्यले का नुसताच गुंता करून राह्यले? माझी तब्येत बरी आहे. (दोन नोकऱ्या सुटल्या, पण त्यात तब्येतीचा दोष नाई.) आता इथी टिकलो आहो. चहूकडे वाळू, अन् आठवड्याले एकदा जी मासळी येते तिले मासळी म्हणणं म्हणजे तुझा अपमान आहे.

पत्राचं कारण म्हणजे इथले मोठे साहेब, विंग कमांडर बिलाल शेख. तुले नाव माहीत नसंल, पण तू त्याइले शिव्या दिल्या आहेत. ब्रह्मपुरीच्या नवाबभाई मोटारपंपवाल्याचे हे चिरंजीव. (लहानपणी पंप खोलत, म्हणून मशीनचा आवाज ऐकूनच दुखणं सांगतेत.) वीस वर्सं हेलिकॉप्टर उडवलं. बर्फाच्या डोंगरावर जिथी पंख्याले हवा पुरत नाई, तिथून जवान आणले. सूरजागडाच्या पल्याड, जंगलात अंगणाएवढ्या जागेत उतरून जखमी पोलीस उचलले. छातीवर दोन पदकं आहेत. (मी स्वतः पाह्यली, कोट इस्त्रीले नेताना.) मी इथी सगळ्याइले सांगतो, हा माणूस आमच्या वैनगंगेचं पाणी पिऊन मोठा झाला.

साहेब नव्या पायलटाइले दर वर्सी एक गोष्ट सांगतेत. यंदा चहा देता देता मी ऐकली अन् कप हातातच राह्यला. महापुरातल्या आपल्या शाळेच्या स्लॅबवरची गोष्ट! वरून दोर सोडला, खाली पट्टा, अन् एका बाईनं तो पट्टा अंगात घालाच्या बदली टाकीच्या नळाले करकचून बांधला. आता आलेला डोंगा आधी खुंट्याले बांधाचा, मग माणसं चढवाची, हे आपल्या घरात चालाच्या आधी शिकवतेत. तुझं काय चुकलं? पण हेलिकॉप्टर बांधलं का पडते म्हणे. साहेब म्हणतेत, बर्फात भेव वाटलं नाई तेवढं त्या नळाचं वाटलं. दोर कापला असता तर ते सुटले असते, पण स्लॅबवरचे अकरा जण तिथीच राह्यले असते. कापला नाई. खंड्या पाण्यावर थांबते तसं ते धूड जागच्या जागी थांबवलं, वीतभर इकडे नाई का तिकडे नाई. अन् वरच्या जवानानं हातवारे केल्यावर तू आरामात गाठ सोडून राह्यली होतीस, वर तोंड करून, "थांब ना रे मुडद्या, कुठी पळून राह्यला!" पंख्याच्या आवाजात साहेबाले ऐकू गेलं नाई, पण ओठ पाहून समजलं. ब्रह्मपुरीत असंच बोलतेत.

मी तिथीच बोललो, "ते माझी सख्खी आत्या आहे!" सगळे हासले. आचारी सुनिलभाऊ म्हणाले, "अन् हेलिकॉप्टर तुह्या मामाचं असंल." साहेब हासले नाई. एवढंच विचारलं, "ते नळवाली माय बरी आहे ना?"

तुझा,
कुलदीप

ता. क. खरं काम राह्यलंच. अठ्ठावीस तारखेले साहेबाची नोकरी संपते. त्या दिवशी नव्या पायलटाइले शेवटचा धडा आहे, अन् साहेबाले ती गाठ तुझ्याच हातानं बांधलेली पाहाची आहे. मी सगळ्याइसमोर सांगून बसलो, आत्या येते. नाई आली तर मी खोटा पडीन, अन् साहेबाची गोष्टबी खोटी पडंल. सावलीहून नागपूरची बस धर, पुढचं तिकीट मी काढतो.

आणखी ता. क. साहेबाच्या गोष्टीत मिशी फुटलेला एक बाप्याबी आहे. वर चढल्यावर त्यानं मागून साहेबाची कॉलर धरली अन् उतरेपर्यंत 'आत्या, आत्या' करत रडला. तो कोण, हे इथी कोणाले माहीत नाई. तूबी सांगू नको.

शेवटची ता. क. पत्र टाकाले निघालो तर दारात साहेब भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आत्याले सांग, तुह्या भाच्यानं फाडलेली कॉलर मी अजून शिवली नाई." तेव्हा अठ्ठावीसले तू गाठ दाखव, मी कॉलर दाखवतो.