वीसपैकी सतरा

ती. व्हर्नेलताईस, धाकट्या डेलमारचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? (पाठवलेलं मलम गुडघ्याला चोळायचं होतं, कुत्र्याला नाही.)

पत्रास तसं काही कारण नाही. परवा काउंटीच्या जत्रेत शाळेच्या कॉम्ब्सबाईंनी टेबल मांडलं होतं. वीस प्रश्नांचा कागद भरायचा, मग तुम्ही विचारांनी कोणत्या पक्षाचे ते बाई सांगणार, वर लोणी लावलेलं कणीस फुकट. कणसापायी मी भरला, ओनेडानंही भरला. बंदूक, कर, चर्च, सरकारनं कुठवर नाक खुपसावं, सगळं खरंखरं लिहिलं (म्हटलं, वाचतंय कोण!). तर बाईंनी थेट भोंग्यावरून पुकारलं, "डेलमार स्टिडम, वीसपैकी सतरा, रिपब्लिकन!" अगं, बावीस वर्षं इथल्या डेमोक्रॅटांचा अध्यक्ष मी! कणीस घशातच अडकलं. मागोमाग ओनेडा. तिच्या माहेरी यादवी युद्धापासून रिपब्लिकनांशिवाय कुणाला थारा नाही, आणि ती निघाली सोळा गुणांनी डेमोक्रॅट. मास्तरांचे पगार वाढवा, म्हाताऱ्यांची औषधं सरकारनं द्यावीत, खाणमालकांना वेसण घाला, एवढं सगळं बाईसाहेबांच्या पोटात होतं आणि एकतीस वर्षांच्या संसारात मला पत्ता नाही.

परतताना मी म्हटलं, आपण पक्षांची अदलाबदल करू या का? तर म्हणते, "त्यानं काय होणार? आत्ता माझं मत तुमचं मत खातं, मग तुमचं माझं खाईल. फॉर्म भरायचा ताप फुकटचा." खरं आहे. पक्ष म्हणजे आडनाव गं, ते काय कुणी आपल्याला विचारून देतं? आजोबा खाणीत गाडले गेले तेव्हा हातांनी माती उपसणारे सगळे आपल्या पक्षाचे होते. त्यांच्या नातवंडांबरोबर मी दर शुक्रवारी मासे तळतो. तिथे कुणी करांचा विषय काढलाच तर आम्ही मीठ मागतो.

पण तो बर्चेल नेपियर (गुरांच्या खाद्याचा दुकानदार) गावभर सांगत सुटलाय, "घरभेदी अध्यक्ष नको." स्वतः मेल्यानं कागद भरलाच नाही, बेरकी! (कणसं मात्र दोन हाणली.) पद गेलं तर मला वाईट वाटेल, ताई. खूप वाटेल. शुक्रवारी मी जाऊ कुठे?

असो. काळजी नसावी.

तुझा,
डेलमार

ता. क. शनिवारी अध्यक्षाची निवड आहे. समितीत सात माझे, सात बर्चेलचे, पंधरावी तू. गुडघा असेल तसा तयार ठेव, गाडी घेऊन मी येतो.

ता. क. २ कॉम्ब्सबाई कागद घेऊन तुझ्याकडे आल्या तर भरू नकोस. कणीस मी आणून देईन.

ता. क. ३ वन्सं, मी ओनेडा. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. मत ह्यांनाच द्या. एकतीस वर्षं पडद्याआड मीसुद्धा ह्यांच्याच पक्षाला देत आलेय, ह्यांना सांगू नका. त्यात विचारांचा काही संबंध नाही. हे हरले की घरी बसतात.