राणीचं पद

आप्पा, गेल्या रविवारी मी तुमचं पद म्हणायला गेले होते. चार अनोळखी लोकांसमोर, छातीवर नंबराचा कागद लावून. पन्नाशी उलटलेली बाई, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि नाटकात घ्या म्हणून पोराटोरांच्या रांगेत उभी. तुम्ही असतात तर हसला असतात की नुसतं मान हलवून गोठ्याकडे गेला असतात, हे मला सांगता येत नाही. तुमच्याबद्दल सांगता येत नाहीत अशा गोष्टी वर्षागणिक वाढतच चालल्या आहेत.

झालं असं, की माळावरच्या टॉवरमधले लोक दिवाळीला एक संगीत नाटक बसवताहेत. ते टॉवर आपल्या रानावर नाहीत, शेजाऱ्यांच्या रानावर आहेत. आपल्या रानावर त्यांचं पार्किंग आहे. आपल्या वरच्या खोलीत लातूरकडची एक मुलगी भाड्यानं राहते, हिंजवडीला कंपनीत जाते. तिनंच सांगितलं, ‘काकू, ऑडिशन सगळ्यांसाठी ओपन आहे, गावातल्यांनाही. जुन्या चालीची गाणी येणारं कुणीतरी हवंय त्यांना. तुम्ही भाकरी करताना म्हणता ना, ते म्हणा की.’ मी तिला वेड्यात काढलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच फोनवरून नाव दिलं. मला नाटकाची हौस नव्हती, आप्पा. तुमचं पद एकदा, फक्त एकदा, लोकांपुढं म्हटलं जावं एवढंच मनात होतं. माझ्यामुळं ते थांबलं, तर माझ्याच तोंडून निघावं.

चैत्रात जत्रा आली की तुम्ही ओसरीच्या खांबाला आरसा अडकवून मिशी काढायला बसायचात. गावच्या नाटकात बाया काम करत नव्हत्या, म्हणून राणी तुम्ही. आजोबा अंगणातून ओरडायचे, ‘आरं, मी जित्ता हाय अजून! कुनाच्या नावानं मिशी काडतुयास?’ तुम्ही तोंडाला साबण लावलेलाच, म्हणायचात, ‘राणीला मिशा आसत्यात व्हय?’ सगळं अंगण हसायचं. मीही हसायची, सातवीपर्यंत. आठवीच्या परीक्षेला मी कंपास घरी विसरले आणि तुम्ही तो घेऊन सायकलवर शाळेच्या फाटकाशी आलात. वरचा ओठ गुळगुळीत, पांढराफटक. बाहेरगावची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आजोबा वारले का गं तुझे?’ आपल्याच आळीतली दुसरी मोठ्यानं म्हणाली, ‘न्हाई गं, हिचा बाप राणी व्हतुया जत्रंत!’ फाटकाशी हशा उडाला. तुम्हाला ऐकू गेलं होतं. तरी तुम्ही हसलात आणि मला हात केलात. मी कंपास ओढून घेतला आणि मागं वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर जेवताय, आणि मी चौकटीला टेकून उभी आहे. ‘आप्पा, पुढल्या साली मिशी काढली तर मी शाळंत जायाची न्हाई. लाज वाटती मला तुमची.’ आईचा हात परातीत थांबला. तुम्ही घास चावून संपवलात, उरलेली भाकरी संपवलीत, ‘बरं बाय,’ म्हणालात आणि हात धुवायला उठलात. एक थोबाडीत दिली असतीत तर फार बरं झालं असतं. मला रागवायला काहीतरी मिळालं असतं.

पुढच्या चैत्रात पेटीमास्तर बोलवायला आले. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, ‘आवाज बसलाय मास्तर, आवंदा दुसरा बघा.’ त्यांनी दुसरा बघितला, आणि दोन वर्षांनी नाटक बंद होऊन जत्रेत ऑर्केस्ट्रा आला. पण तुम्ही धार काढतानाही गुणगुणेनासे झालात, ते का? मी तेवढं मागितलं नव्हतं. मी फक्त मिशी मागितली होती. तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला ओसरीवर ठेवलं होतं, आणि कुणीतरी म्हणालं, ‘मिशी बघा कशी रुबाबदार दिसतीय.’ तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. त्यालाही आता बावीस वर्षं होत आली.

तर पद. ‘थांब जराशी, सांजे, अजून न आले घरी.’ एवढी एकच ओळ मला येते. मिशी काढताना हसायची, पण तुमचा तो बायकी आवाज मला पहिल्यापासून नको वाटायचा; तालमीसाठी तुम्ही अंगणात गळा साफ केलात की मी उठून पळायची, आणि पहिली ओळ संपेपर्यंत गोठा ओलांडून ओढ्याकडं गेलेली असायची. राणी सांजेला का थांबवते, कोण आलं नाही, पुढं येतं की नाही, मला काहीच ठाऊक नाही. ते पद मास्तरांनी आपल्या गावासाठी रचलेलं, कुठं छापलेलं नाही. गेला महिनाभर मी धुंडाळत होते. मास्तरांचा मुलगा म्हणाला, ‘वही व्हय? जुनं घर पाडलं तवा समदंच रद्दीत गेलं, आक्का.’ आई असती तर तिला आठवलं असतं, ती नाही. त्या नाटकातले एकटे राजे उरलेत, घराबाहेर खुर्ची टाकून बसतात. त्यांनी मला स्वतःची सगळी भाषणं म्हणून दाखवली, एक शब्द अडला नाही, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी पद विचारलं तर म्हणाले, ‘त्ये मला कुटनं येनार? राणीचं राणीलाच म्हाईत.’

तरीही गेले. वाटलं, उभी राहिले की पुढचं कुठूनतरी येईल. रक्तात असतं म्हणतात ना लोक! काही नसतं रक्तात. क्लबहाऊसमध्ये एसी इतका की हात गार पडले. दिग्दर्शक तिशीतला, सभ्य मुलगा, बाजूला कीबोर्डवाला. ‘काकू, घाबरू नका, घरच्यासारखं म्हणा.’ मी ओळ म्हटली. आप्पा, बरी लागली. मोबाइल बघणाऱ्या मुलींनी माना वर केल्या, कीबोर्डवाल्यानं सूर धरला. मी पुन्हा तीच म्हटली. मग तिसऱ्यांदा. कीबोर्डवाला वाट बघतोय, मी वाट बघतेय, आणि आत सगळं कोरडं ठणठणीत. ‘आणि अंतरा, काकू?’ ‘तेवढंच येतं,’ मी म्हणाले. कुणी हसलं नाही. हसले असते तर ते निदान माझ्या हिशेबात बसलं असतं. गाण्याचं काम मिळालं नाही. समूहातल्या मुलींना नऊवारी नेसवायला मी जायचं ठरलं आहे.

हे कागदावर उतरवून काय होणार, ते मला कळतं. तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी कुठं पाठवू? कपाटात साड्यांखाली ठेवीन आणि मी गेल्यावर सुना रद्दीत घालतील. तुम्हाला उशिरा का होईना बरं वाटेल असं एक तरी वाक्य मला लिहायचं होतं, पण तसं काही घडलेलं नाही. उलट एक गोष्ट मी वर गाळली, ती लिहिल्याशिवाय या कागदाची घडी घालता येत नाही. मी निघताना तो मुलगा दारापर्यंत आला. म्हणाला, ‘काकू, ही चाल मी कुठंच ऐकलेली नाही. कुणाची आहे? तुमच्या घरात कुणी गायचं का?’ माझ्या मागं नंबर लावलेल्या मुली उभ्या होत्या, त्यांतल्या दोघी आपल्याच आळीतल्या. आणि मी म्हणाले, ‘छे हो, रेडिओवर ऐकली असेल कधीतरी. आमच्या घरात कोण गाणार?’