फाळकेवाडीचा माळ आणि तिसरे विमान

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, नाथाजी गुंडा फाळके, वय चौपन्न, विमानदलातील निवृत्त सार्जंट, राहणार फाळकेवाडी, रहिमतपूरनजीक, जिल्हा सातारा. आज रोजी माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी माझा हात धरून लिहून घेत नाही, कोणी मला काही पाजलेले नाही. असे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असते आणि कोणी त्याकडे लक्ष देत नाही. माझ्या बाबतीत मात्र लक्ष द्यावे, कारण माझा धाकटा भाऊ लालासाहेब गेली कित्येक वर्षे गावभर सांगत फिरतो आहे की दादाचे डोके फिरले. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शहाणा असल्याचा लेखी दाखला असलेला फाळकेवाडीत मी एकटाच. लालासाहेबाने आपला दाखवावा.

हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर नवव्या दिवशी, घरात, सर्वांसमक्ष वकिलांनी मोठ्याने वाचावे. नवव्याच दिवशी का, ते शेवटच्या कलमात येईल.

१. माझ्या वेडाचा पुरावा म्हणून लालासाहेब माझी विमाने दाखवतो, तेव्हा आधी त्यांचा खुलासा करतो. मी वीस वर्षे विमानदलात होतो. गावाची समजूत आहे की मी लढाऊ विमाने उडवली आणि शत्रूवर बाँब टाकले. ही समजूत मी कधी पसरवली नाही, कधी मोडलीही नाही. खरे असे की मी जमिनीवर बसून बिनतारी यंत्रे दुरुस्त करीत असे. विमानात दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा ओकलो. निवृत्तीच्या आधी पुण्याला एका साहेबाने खेळातले विमान उडवून दाखवले. हातात एक डबा, डब्यावर दोन काठ्या, वर तार, आणि आकाशात हातभर लांबीचे पाखरू त्या काठ्यांच्या हुकमात. माझे वय विसरून मी मागे लागलो. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी तो डबा मला दिला, एक इंग्रजी पुस्तक दिले, आणि म्हणाले, "फाळके, शिकवणारा कोणी शोध." शिकवणारा शोधायचा तर पुण्याला जावे लागले असते. मी सार्जंट होतो. मला कोण शिकवणार?

२. पहिले विमान मी हलक्या लाकडाच्या पट्ट्यांवर पातळ कागद ताणून तयार केले. ते सुरेख उडाले. अडचण वळून परत येताना झाली. विमान आपल्यापासून लांब जात असते तेव्हा त्याचे डावे ते आपले डावे. तेच तोंड फिरवून आपल्याकडे येऊ लागले की डाव्याचे उजवे होते. हे पुस्तकात पहिल्याच पानावर होते. मी पुस्तक मधूनच उघडले होते. विमान लालासाहेबाच्या उसात शिरले, आणि माणसाच्या डोक्यावर गेलेल्या उसात काही शोधणे म्हणजे काय ते ऊस लावणाऱ्यांना सांगायला नको. तोडीला इंजिन सापडले. पंख लालासाहेबाने आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून घातला आणि म्हणाला, "दादा, तुमचं इमान लय कामाचं निघालं, आता गळत न्हाई बगा." तो पंख या कलमान्वये मी लालासाहेबास कायमचा देतो. माझ्या विमानांतले ज्याचा त्याला उपयोग समजला असे तेवढेच.

३. दुसरे विमान दसऱ्याला पडले, आणि त्याचे श्रेय संपूर्ण गावाला जाते. खंडेनवमीला माझी पत्नी विजयमाला हिने पकड, करवत, कातर यांच्यासोबत विमानालाही हळदकुंकू लावले. तेवढे ठीक. दुसऱ्या दिवशी माळावर सरपंच हंबीरराव आले. जिथे नारळ फुटतो तिथे ते असतात. त्यांनी विमानाच्या नाकावर नारळ फोडला, पाणी इंजिनात गेले. मग झेंडूचा हार पंखांत अडकवला. मी म्हणालो, हार काढा. ते म्हणाले, "आवं, ट्रॅक्टरला चालतो, मोटारीला चालतो, ह्यालाच काय झालं?" हार मी काढला. शेपटाला लालासाहेबाने माझी पाठ वळल्यावर काळा दोरा ओवून लिंबू-मिरची बांधली होती, ती मला दिसली नाही. विमानाचे नाक जड असले तर ते कसेबसे उडते. शेपूट जड झाले की ते बिथरते. ते नाक वर करून आभाळाकडे बघत उभे राहिले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते सरळ खाली आले. "दृष्ट लागली," लालासाहेब म्हणाला. ते लिंबू आता सुकून सुपारीएवढे झाले आहे. ते दोऱ्यासकट हंबीररावांना द्यावे. पुढच्या निवडणुकीत शेपटाला बांधावे.

४. इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल लागते. ईथर डॉक्टर देत. दर खेपेस विचारीत, "सार्जंट, हे तुम्ही पीत नाही ना?" आणि दर खेपेस मी पितो अशाच नजरेने देत. बिनतारी यंत्रांतले बारीक बिघाड शोधायचे माझे जाड भिंग त्यांना द्यावे. माझ्या छातीतला बिघाड त्यांना अजून सापडलेला नाही.

५. आणीबाणीत माझ्या घरी हवालदार आला. मी बिनतारी यंत्राने परदेशाला खबरा देतो, असा अर्ज गेला होता. अर्ज निनावी होता, पण घर दाखवायला लालासाहेब स्वतः हवालदाराच्या सायकलीवर मागे बसून आला होता. माझ्याकडे परवाना होता. हवालदाराने चहा घेतला, डबा हातात घेऊन काठ्या हलवल्या, आणि जाताना विचारले, "साहेब, एक पोरासाठी बनवून द्याल का?" लालासाहेबाची स्वतःची सायकल रहिमतपूरला चौकीवरच राहिली होती. ती आणायला जाताना हवालदाराने त्याला मागे बसवले नाही, तो चालत गेला. त्या दिवसाबद्दल त्याच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. इतका आनंद मला विमानांनीही दिलेला नाही.

६. घराचा माझा अर्धा भाग, बँकेतील शिल्लक, भांडीकुंडी, हत्यारे, डबा, इंजिने आणि तिसरे विमान हे सर्व माझी पत्नी विजयमाला हिला.

७. आता माळ. ज्याच्यासाठी तुम्ही सगळे मांडी घालून बसला आहात ते कलम हे.

ओढ्यापलीकडचा मुरमाड माळ मी निवृत्तीनंतर माझ्या पैशाने घेतला. त्यावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हते, तोवर लालासाहेबाला तो माझ्या वेडाचा आणखी एक पुरावा वाटत होता. पाणी योजनेचे पाइप माळाच्या कडेने जाणार असे ठरल्यावर त्याला आठवले की फाळक्यांचे घर एकत्र आहे. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे विजयमाला एकटी. लालासाहेब तिच्यासमोर कागद ठेवील, भावकी चार बाजूंनी बसेल, कोणी म्हणेल, "वैनी, तुमाला माळ घिऊन काय करायचंय?" आणि ती थकून सही करील, याची मला झोप लागू न देणारी भीती आहे. छातीत दुखते ते त्यापुढे काहीच नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत चावडीसमोर, हंबीरराव आणि निम्मे गाव यांच्यासमक्ष, लालासाहेब मला म्हणाला, "दादा, ह्या खेळण्यासाठी माळ अडवून बसलायसा. चार वर्सं झाली, एकदा तरी धड खाली आणलं का? जो कोन हे उडवून चाकावर खाली आणंल, त्याचा माळ. तुमच्यानं हुयाचं न्हाई. मीच एका हातानं आणून दावतो." मी म्हणालो, कबूल. हंबीरराव म्हणाले, "ठरलं गड्यांनो," आणि पान खायला गेले.

लालासाहेबाचे एक म्हणणे खरे होते. तिसरे विमान मी वर नेत असे, गावावरून फिरवीत असे, पण ते चाकांवर कधी उतरले नाही. बाभळीत उतरले, ओढ्यात उतरले, एकदा कोंडीबाच्या मेंढरांत उतरले. कोंडीबा आटपाडीकडचा, दिवाळीनंतर कळप घेऊन आमच्या भागात येतो. त्याची मेंढरे माळावरचे गवत चरून काढतात, तेव्हा कुठे विमानाला धावायला जागा होते.

तरी लालासाहेब सुरू करणार असेल तर माझा एक धडा त्याने घ्यावा. विमान आपल्याकडे येत असले की डावे-उजवे डोक्यातून काढून टाकावे. जो पंख खाली पडताना दिसतो त्या बाजूला काठी ढकलावी. पडत्या पंखाला टेकू द्यावा. पुस्तकातली एवढी एकच गोष्ट मला धड समजली, आणि ती मी लालासाहेबालाही सांगितली होती. तो तेव्हा तंबाखू मळत होता.

तर लालासाहेबाने घातलेली आणि मी मान्य केलेली अट या मृत्युपत्रात जशीच्या तशी कायम करतो. जो कोणी तिसरे विमान उडवून चाकांवर खाली आणील, त्याचा माळ.

(वकिलांनी येथे वाचणे थांबवावे, चष्मा पुसावा, आणि लालासाहेबाला चहा द्यावा.)

८. वरील अट पुरी झालेली आहे.

गेल्या माघात, सकाळी, वारा पडलेला असताना विजयमाला आणि मी माळावर गेलो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. मिरजेला शस्त्रक्रियेला जायचे तर आधी छाती धड हवी, असे डॉक्टर म्हणतात. हाताशी धरलेला कागद मला दिसतो, लांबचे विमान दिसत नाही. म्हणून वर्षभर ती माझ्याजवळ उभी राहून सांगत असे आणि मी काठ्या हलवीत असे. या खेळाला तिने घरात कधी चांगले म्हटले नाही. तिच्या दोन लुगड्यांचा एरंडेलाचा वास अजून गेलेला नाही, आणि तो ती मला जेवताना ऐकवते. पण इंजिन सुरू करताना विमानाचे शेपूट धरायला ती कधी आली नाही असे झाले नाही.

त्या सकाळी विमान वळून आमच्याकडे निघाले. ती म्हणाली, "आवं, पंख पडतुया. हिकडचा." मी हात हलवला. "आवं, हिकडचा म्हंते मी!" मी दुसरीकडे हलवला. मग तिने माझ्या हातातून डबा ओढून घेतला. "द्या हिकडं."

मी घाबरलो नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मला फक्त इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. विमान मला दिसत नव्हते, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो, आणि विमान कुठे आहे ते मला तिच्या तोंडावर कळत होते. ते वर गेले की तिच्या भुवया वर जात होत्या. पंख पडला की ओठ आवळत होते. तीस वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे एवढा वेळ सलग कधी बघितले नव्हते. मग आवाज खाली आला, मुरुमावर चाके खरखरली, आणि थांबली. कोंडीबा मेंढरांतून ओरडला, "वैनी, लय झ्याक!" ती डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "झालं न्हवं खेळून? चला, भाकऱ्या थापायच्यात."

कोंडीबाने आणि सायकल दुकानदार अर्जुनाने हे डोळ्यांनी पाहिले आहे. अर्जुना त्या दिवशी चाके बसवून द्यायला आला होता. सबब माळ विजयमालाचा आहे. माझ्या देण्याने नव्हे, लालासाहेबाच्या अटीने. तिने त्यात ऊस लावावा, तसाच ठेवावा, विकावा. मी वरून काही सांगणार नाही. लालासाहेबाला अजूनही एका हाताने उडवून दाखवायचे असेल तर त्याने तिला विचारावे. "वैनी, जरा द्याल का?" असे विचारावे.

९. कोंडीबा आणि अर्जुना साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. कोंडीबाची मेंढरे साक्षीदार नाहीत. विजयमालाची हरकत नसेल तोवर माळावर चरण्याचा हक्क मी मेंढरांना देतो.

१०. उद्या माझा दहावा. पिंड ठेवतील आणि कावळ्याची वाट बघतील. कावळा शिवला नाही की नातेवाईक हात जोडून एकेक गोष्ट कबूल करू लागतात. लालासाहेब सर्वांत पुढे होऊन म्हणेल, "दादा, काळजी करू नका, वैनीचं आन् माळाचं मी बघतो." ते कबूल धरू नये. कावळ्याने धरले तरी मी धरलेले नाही. म्हणून हे आज वाचायला सांगितले.

कावळा शिवलाच नाही तर कोणी काही बोलू नये. विजयमालाने घाटावर इंजिन नेऊन सुरू करावे. त्या आवाजाने कावळा उडून जाईल, पण मला कळेल की डबा तुझ्या हातात आहे. मग मी निघेन.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात, दिसते आहे तोवर लिहिले. कोणाला यात वेड दिसले तर दाखला पहिल्या पानाला टाचलेला आहे.

ठिकाण: फाळकेवाडी
दिनांक: ३ डिसेंबर १९७८

सही: नाथाजी गुंडा फाळके

साक्षीदार, ज्यांनी सही होताना पाहिली आणि ते विमान उतरतानाही पाहिले:
१. कोंडीबा, राहणार आटपाडीकडे, जिल्हा सांगली (अंगठा)
२. अर्जुना, सायकल दुकान, रहिमतपूर (सही)