कबरेपाशी दोघं लागतात

सदर, नागपूर
ईस्टरनंतरचा मंगळवार, ७ एप्रिल २०२६

चिरंजीव उन्मेष यास,

बाबांचा सलाम. मी बरा आहे. चष्म्यांचं दुकान चालू आहे, ऊन आत्ताच डोळ्यांत शिरायला लागलंय. रंभाआत्याचा गुडघा तसाच.

गुड फ्रायडेला तू पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. खाली तू लिहिलंस, "बाबा, आपला ख्रिस्त जुन्या दैवतांवरून उचललाय. आता बोला." मी कॉलेज पाहिलेलं नाही, पण इंग्रजी माझं मी शिकलो आणि पुस्तकं मुळातून वाचतो. म्हणून बोलतो.

रोमन लोकांचा देव मिथ्रास कुमारीच्या पोटी आला म्हणे. तो खडकातून निघाला, तरणाताठा, हातात सुरा आणि मशाल घेऊन. तो मेला आणि उठला, असं जुन्या कुठल्याच लेखात मला सापडलं नाही. इजिप्तचा देव होरस, त्याच्या आईला मेलेल्या नवऱ्यापासून गर्भ राहिला. ती कुमारी कशी? तो नवरा, ओसायरिस, उठला खरा, पण खालीच राहिला, मेलेल्यांचा राजा होऊन. आणि कृष्णाला क्रुसावर चढवलं? त्याच्या पायाला व्याधाचा बाण लागला, हे आपल्या गल्लीत कुणालाही विचार. पंचवीस डिसेंबर शुभवर्तमानात नाहीच. तारीख उसनी असेल तर असो.

हे सगळं मी शनिवारीच लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही.

रविवारी पहाटे आत्याबरोबर कब्रस्तानात गेलो. तुझी आई गेल्यानंतरचा पहिला ईस्टर. कबरेला चुना आदल्या दिवशीच लावला होता. आपली रीत तुला ठाऊक आहे: एकाने म्हणायचं, ख्रिस्त उठला आहे, दुसऱ्याने जबाब द्यायचा, खरोखर उठला आहे. आजोबांच्या कबरेपाशी मी म्हणायचो, आई जबाब द्यायची, तू जांभया देत उभा असायचास.

आत्या म्हणाली, "म्हण गा मुकुंदा. मी आहो ना जबाब द्यायले."

माझ्या तोंडून शब्द निघेना.

"काहून थांबला? त्या व्हिडिओवाल्याले पानभर सुनावलं म्हणे तू, अन् बायकोपुढं मुका?" मग जरा हळू, "मेणबत्ती विझून राहिली, म्हण ना."

आजूबाजूच्या कबरांवरून तेच वाक्य, तोच जबाब ऐकू येत होता. आम्ही तसेच परतलो. रिक्षात आत्या गुडघा चोळत बसली.

नक्कल नाही, एवढं मी दाखवू शकतो. पण नक्कल नाही म्हणून खरं आहे, असं होत नाही. हे त्या व्हिडिओवाल्याला सुचलं नाही. मला सुचलं, चुना लावताना. ओसायरिससारखी तुझी आईही खालीच राहिली तर? याचं उत्तर माझ्या पुस्तकांच्या कपाटात नाही. शोधणंही सोडलंय.

पुढच्या ईस्टरला पुण्याहून ये. विश्वास नसला तरी ये. पहिलं वाक्य तू म्हण, थट्टेने म्हटलंस तरी चालेल. जबाब देता येतो का, ते मला पाहायचं आहे.

कबरेपाशी मुका राहिलेला,
तुझा बाबा
मुकुंद