रिकाम्या तारेची रेघ

५ मार्च १९८६, बुधवार
कालची सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. रोजच्यासारखीच होती. दूध संघाच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, झाडून घेतलं, स्टोव्ह पेटवला. तेवढ्यात टँकर आला. पुन्हा कधी येईल नेम नाही, म्हणून पाणी मिळालं की आधी काचा धुवायच्या ही आमची रीत. दुधातले जंतू औषध घालून ठेवलेल्या नळ्यांपैकी गढूळ होत्या त्या जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना बघायला ठेवल्या. नितळ होत्या त्या उकळून धुतल्या. नितळ म्हणजे काम संपलं, असं वाटलं. त्यातच शेजारच्या अनुसयाच्या कास सुजलेल्या म्हशीची नळी.

धुतल्यावर साहेबांचं बोलणं आठवलं. "बाई, पेनिसिलीन घातलेली नळी नितळ राहिली म्हणजे जंतू वाढले नाहीत, एवढंच. मेले का नुसते निपचित पडलेत, ते प्लेटवर ओढून, तिथं उगवतात का बघितल्याशिवाय कळत नाही."

सांगायला हवं होतं. नळीतला थेंब उचलायची तार आचेवर लाल केली, गार केली, आणि रिकामीच प्लेटवर ओढली. उबेच्या पेटीत ठेवली.

६ मार्च
प्लेट कोरी. साहेब खूश. "मेले सगळे. पेनिसिलीनच पुरे, दुसरं औषध नको. आणि रेघ काय सरळ ओढलीय तुम्ही." मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

संध्याकाळी अनुसया ओंजळभर शेंगा घेऊन आली. "अक्का, तुमच्या हातानं माझी म्हस वाचली बघा. न्हाय म्हणू नका."
शेंगा तशाच पडून.

९ मार्च
सुया संपल्या. कास मऊ, दूध स्वच्छ. खरंच मेले असतील का. देवापुढं हात जोडले. मागून कळलं, म्हशीसाठी नव्हे, मी सुटावं म्हणून...

१३ मार्च
कास पुन्हा दगडासारखी. दुधात गाठी. पोरांच्या तोंडी जायचं तेवढंच दूध होतं त्या घरात. या दुष्काळात दुसरं जनावर कुठून आणणार ती? तरी अनुसया हसत होती. "तुमच्याकडं पास झाली आन् घरी येऊन नापास, व्हय ओ?"

साहेब म्हणाले, "जंतू तर मेले होते. हे दुसरे शिरले असतील. पेनिसिलीनच परत सुरू करू. या खेपेला उतार पडला नाही तर सड जाईल." दुसरे नाहीत. तेच आहेत; प्लेटवर नळीतलं काही ओढलंच नव्हतं. मला एकटीलाच ठाऊक.

हे आजारी होते तेव्हा उशाशी बसून औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले. हे गेले त्यानंतर किती दिवस माझ्या घरात चूल नव्हती. भाकरी अनुसयाच्या घरून यायची. आज फोटोला हार घालताना वर बघवलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार
पहाटे उकळलेली बाटली घेऊन तिच्या गोठ्यात गेले. दुखऱ्या सडाचं दूध पुन्हा तपासायला घेतलं. "परत कशाला, अक्का?" सांगितलं तिला. नळी धुतली तेही, तार रिकामी होती तेही. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

साहेब आले. बाटली टेबलावर ठेवली आणि त्यांनाही तेच सांगितलं.