नातेवाइकांनी बाहेर थांबावे

प्रिय बाईसाहेब,

हाक जुनीच ठेवली आहे. राग आला तर खोडून टाक, पण पुढचं वाच. वेगळं राहायला लागून अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात सहीच्या कागदांखेरीज मी तुला काहीच पाठवलेलं नाही.

बाळंतिणीच्या सहा आठवड्यांच्या तपासणीला आम्ही दवाखान्यात आता एक कागद देतो. दहा प्रश्न. गेल्या आठवड्यात हसू आलं का, उगाच रडू येतं का, स्वतःला इजा करावीशी वाटली का. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य वेळेत कळावं म्हणून. मी आधी नाक मुरडलं. टाके बघायचे, रक्तदाब बघायचा, त्यात हे नवीन खूळ कशाला! सिस्टरने न विचारता गठ्ठा माझ्या टेबलावर आणून आदळला. तिच्यापुढे माझं काही चालत नाही, हे तुला माहीतच आहे.

महिनाभर सगळे कागद छान आले. एकीलाही काही नाही. मी सिस्टरपुढे मिरवलं, तर ती म्हणाली, जरा बाहेर जाऊन बघा. बाकावर सासूबाई पेन घेऊन बसल्या होत्या आणि सून बाळाला थोपटत होती. पलीकडे एक नवरा बायकोकडे न बघताच भराभर खुणा करत होता. त्या दिवशी दारावर पाटी लावली, नातेवाइकांनी बाहेर थांबावे. आता दार लावून मीच विचारतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं मला किती जड जातं, तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! पहिल्याच आठवड्यात तिघी रडल्या. एक म्हणाली, बाळ माझं वाटतच नाही. तिला त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

मंगळवारी आपली लेक बाळाला घेऊन तपासणीला आली. मी बाप, म्हणून बाहेर गेलो; आमच्या नव्या डॉक्टरबाईंनी तिला विचारलं. ती बरी आहे, काळजी करू नकोस. जाताना मात्र तिने सहज विचारलं की बाबा, माझ्या वेळी आईला कुणी विचारलं होतं का?

घरी येऊन तुझी जुनी फाइल शोधली. सहा आठवड्यांची तपासणी, अक्षर माझं, ‘तक्रार नाही’. डॉक्टर मीच, नवरा मीच, आणि तुझ्या वतीने उत्तर देणाराही मीच. तू तेव्हा न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून तासन्‌तास बसायचीस. मला ऐकू यायचं. मी दार वाजवून फक्त बाळ रडतंय एवढंच सांगायचो. त्याची मला लाज वाटते.

घरात हल्ली मी दोन खोल्यांत दोन रेडिओ लावून ठेवतो. फार एकटं वाटतं. हे तुला सांगायचा मला हक्क नाही, तरी सांगतोय. फाइल सापडली त्या संध्याकाळी तुझ्या नावाने तो कागद भरायला बसलो, म्हणजे पुन्हा तीच खोड. पहिल्याच प्रश्नाला अडलो. तू तेव्हा हसायचीस की नाही, मला आठवेना.

म्हणून हे पत्र. सोबत तोच कागद आहे, कोरा. तेहतीस वर्षं उशीर झालाय. फाडून टाकलास तरी चालेल. पण लिहावंसं वाटलं, तर पहिल्यापासून सगळं तूच लिही. तुझं होईपर्यंत मी दाराबाहेर थांबतो.

तुझाच,
एक नातेवाईक